विहिरीला पाणी लागेपर्यंत

टेपचं टोक तळाला टेकलं तेव्हा ठक्क असा आवाज आला. मनालीने आकडा वाचला. अकरा मीटर चाळीस.

"जुन्या नोंदीत तेरा आहे," ती म्हणाली.

"आटली असंल," भिमाबाई म्हणाली.

"आजी, पाणी आटतं. खोली आटत नाही."

"मग गाळ."

"गाळाचा असा आवाज येत नाही."

करवंदमाळ हा हरसूलच्या पलीकडचा चाळीस घरांचा पाडा. इथे वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि दिवाळी सरता सरता विहीर कोरडी होते. मग दोन दिवसांआड टँकर. तो चुकला की बाया दरीतल्या झिऱ्यावर जातात. मागच्या आठवड्यात भिमाबाईची सून सायली दोन हंड्यांसकट दरीत घसरली. तिचा हात अजून गळ्यात होता.

मनाली नाशिकला भूशास्त्र शिकली होती. सकाळी गाडी खालच्या वळणावर ठेवून ती एकटीच चालत वर आली होती.

"तुला धाडलं कोणी?" भिमाबाईने चहा देताना विचारलं होतं.

"कोणी नाही. इतक्या पावसाची विहीर कोरडी का, ते बघायचं होतं."

"बाप काय करतो?"

"पाण्याच्या कामात आहेत."

"म्हंजी नळवाला?"

"तसंच काहीसं."

आता भिमाबाईचा मुलगा नवनाथ हातोडी कंबरेला खोचून दोराने विहिरीत उतरत होता. मनालीने वही उघडली.

"आजी, जयरामअण्णांना तुम्ही चार वेळा जिल्हा परिषदेवर निवडून दिलंत. पाड्यावरचं एकही मत दुसरीकडे गेलं नाही. का?"

"बेलभंडारा उचललाय."

हातात बेलाचं पान आणि हळद घेऊन, देवासमोर. अशी शपथ मोडली तर घर बुडतं, हे पाड्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"शब्द काय होते? नेमके सांगा."

"विहिरीला बारमाही पाणी लागेपर्यंत अण्णाच्या घराबाहेर मत जाणार नाय."

मनालीने लिहून घेतलं. मग वर पाहिलं. "'लागेपर्यंत' म्हणालात? 'लागलं तर' नाही?"

"लागेपर्यंत. अण्णानंच सांगितलं तसं म्हणायला. तवा होळीपर्यंत तरी पाणी असायचं. आमाला वाटलं, दोन सालांत बारमाही लागंल, मोकळं होऊ."

"मग?"

"मग अण्णानं गाळ काढून विहीर खोल करायला माणसं आणली. कामात पोरंबाळं पडाया नको म्हणून अख्ख्या पाड्याला वणीच्या गडावर नेलं. चार दिवस, फुकट. परत आलो त्या सालापासून दिवाळीलाच ठणठणाट. अण्णा म्हणला, कोणाचं तरी मत बाहेर गेलं असंल, देव कोपला." भिमाबाईने पदराने तोंड पुसलं. "वीस सालं आमी एकमेकांची तोंडं बघतोय."

"पाणी लागलं तर शपथ सुटेल?"

"त्याच दिवशी. मंग बघ अण्णाला. या खेपेला तर जागा बायांची हाय. बायकोला उभी करंल. ती काय करणार, सभेत जांभया देणार."

मनाली हसली नाही. टेप गुंडाळत राहिली.

"दुसऱ्या कोणाला उभं केलं तरी शपथ लागू?"

"घर म्हणलोय आमी. घर म्हंजी घर."

नवनाथ वर आला. त्याच्या हातात मुठीएवढा राखाडी तुकडा होता. नाशिकला चार वर्षं त्याने बिगारी केली होती. तुकडा बोटाने चोळत तो म्हणाला, "ताई, हा दगड नाय. सिमेंट हाय."

मनालीने पिशवीतून आम्लाची छोटी बाटली काढली. आधी कठड्याच्या काळ्या दगडावर थेंब टाकला. काही झालं नाही. मग तुकड्यावर टाकला. थेंब फसफसला.

तिने तुकडा उलटवून दुसऱ्या बाजूलाही थेंब टाकला.

"खरं काय ते सांग, बाय," भिमाबाई म्हणाली.

"सिमेंटच आहे. दीड मीटरच्या आसपास जाडी. खालचे झरे दाबलेत."

"म्हंजी आमी गडावर होतो तवा..."

मनालीने बाटलीचं झाकण लावलं. "फोडता येईल," ती म्हणाली. "मशीन लागेल. हे अजून कोणाला माहीत आहे?"

"आमी दोघंच."

"मग दोघांतच ठेवा. अण्णांच्या कानावर गेलं तर काम होणार नाही. आठ दिवस द्या मला."

जाताना ती भिमाबाईच्या पाया पडली. तुकडा तिने रुमालात बांधून नेला.

आठ दिवस मायलेक गप्प राहिले. सायलीलाही सांगितलं नाही. भिमाबाई रोज विहिरीवर जायची, आत वाकून बघायची आणि परत यायची. तीन महिन्यांवर निवडणूक होती. त्याआधी पाणी लागणार होतं.

नवव्या दिवशी वळणावर हॉर्न वाजला.

"आलं मशीन," नवनाथ म्हणाला आणि पळत सुटला. भिमाबाई त्याच्यामागे निघाली. बाया हंडे टाकून बाहेर आल्या.

वळणावरून दोन बस वर येत होत्या. पहिलीतून पांढऱ्या शर्टातला एक माणूस उतरला.

"भिमाबाई कोण? आणि नवनाथ?"

"आमी."

"तुमची सीट पुढं राखून ठेवलीय. ताईंनी खास सांगितलंय, हे दोघं मागं राहता कामा नयेत." मग तो सगळ्यांकडे वळला. "चला, कपडे घ्या. विहिरीचं काम निघालंय. तोवर वणीच्या गडावर दर्शन. चार दिवस, फुकट."

पोरं ओरडत बसकडे धावली. गाडी वळवून घ्यायला ड्रायव्हरने ती आडवी केली आणि तिच्या कडेचा प्रचाराचा फलक समोर आला.

भिमाबाईला वाचता येत नव्हतं. पण अण्णाच्या शेजारी हात जोडून उभी असलेली पोरगी तिने ओळखली.