वाटीतली कवळी

"माताजी, सोते वक्त दाँत निकालकर पानी में रखना," असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं होतं. पण बोळक्या तोंडानं सुनेच्या नजरेला पडायचं? पद्मिनीबाई कवळी घालूनच झोपत. शेवटी हिरड्या सोलवटल्या, तेव्हा एका दुपारी खोलीला कडी लावून त्यांनी ती पाण्याच्या वाटीत सोडली आणि आडव्या झाल्या.

"लीना, वांगी फक्कड झाली होती गं आज!"

पद्मिनीबाई ताडकन उठल्या. आवाज त्यांचाच होता. पण अकरा वर्षांत त्यांनी सुनेच्या हातच्या कशालाच बरं म्हटलं नव्हतं. उत्तरेकडच्या एयरोसिटी वसाहतीतल्या या घरी आल्यापासून तर तिच्या हातचं पाणीसुद्धा त्यांना खारट लागत होतं.

वाटीतलं पाणी हिंदकळत होतं.

"आई?" दाराबाहेरून लीनाचा आवाज आला. "खरंच आवडली?"

पद्मिनीबाईंनी झटकन कवळी तोंडात कोंबली आणि कडी काढली. 'मेली तिखटाला महाग होती', असं ठणकावणार, तोच आतले दात आपणहून हलू लागले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

"खरंच गं," बोटांमागून आवाज आला. "आणि बस जरा. तुझे लग्नातले सोन्याचे बिलवर काही चोरीला गेले नव्हते."