नऊशेच्या वरचा ढीग

अकोल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर हिशेब भरणाऱ्या प्रीतमला या चार्टातून मिळणार होती अमरावतीची बदली. म्हणजे रोज संध्याकाळी स्वतःचं घर, आकांक्षाच्या हातचा चहा, आणि रविवारपुरत्या उगवणाऱ्या बापाला पाहून रडणारी लहानगी पोरगी हळूहळू रडायची थांबणार. भाऊसाहेबांनी तोंडी कबूल केलं होतं, "मले समजन असं विक्रीचं टीव्हीवर काही दाखव. मंग पाठवतो तुले अमरावतीले." सौदा वाईट नव्हता.

भाऊसाहेब म्हणजे मालक, किसनराव. अकोल्यात डाळीची मिल, आणि डाळ विकायला अकोला, अमरावती, बाळापूर अशी तीन गोदामं. उभा जन्म बाजार समितीच्या आवारात गेलेला. तुरीचा ढीग नुसता पाहून किती कट्टे भरतील ते सांगायचे, आणि काट्याशी पटलं नाही तर काटा बदलायचे.

अशा माणसाला चार्ट पटवायचा होता. प्रीतमने आधी गोल चार्ट दाखवला. "हे काय, भाकर वाटून राहिला का भावाभावात?" रेघेचा दाखवला. "हे तं दवाखान्यातलं वाटते बाप्पा. काढ." मग त्याने महिन्याच्या विक्रीचे तीन खांब उभे केले, प्रत्येकाखाली गोदामाचं आणि मॅनेजरचं नाव. भाऊसाहेब खुलले. "हां! हे ढीग झाले. पण सारे सारखेच दिसून राहिले. मंग मी पाहू काय? आन् ते आकडे काढ, गिचमिड होते."

सारखे दिसत होते, कारण जवळजवळ सारखेच होते. अकोला नऊशे साठ कट्टे, अमरावती नऊशे चाळीस, बाळापूर नऊशे तीस. प्रीतमने आकडे काढले आणि खांब शून्याऐवजी नऊशेपासून सुरू केले. आता वर उरले साठ, चाळीस आणि तीस. फरक आता दुरूनही ओळखू येत होता. हे असं करू नये, हे त्याला ठाऊक होतं. ते त्याने बदलीच्या खर्चात धरलं.

सोमवारी सकाळी मोठा टीव्ही लागला. तिन्ही मॅनेजर समोर बसले. भाऊसाहेब उठले, पडद्याजवळ गेले आणि त्यांनी खांबांना वीत लावली. अकोला दोन वीत. बाळापूर एक.

"उद्धवा," ते अगदी हळू म्हणाले. भाऊसाहेब ओरडत असले की माणसं निर्धास्त असत. हळू बोलले की नसत. "आधा माल कुठं गेला रे?"

बाळापूरचं गोदाम उघडलं त्या दिवसापासून उद्धवराव तिथले मॅनेजर. ते उभे राहिले. "आधा कसा, भाऊसाहेब? अकोल्याहून तीस कट्टे कमी आहेत. रजिस्टर आणलं मी."

"रजिस्टर तू लिहतो. हे तू नाही लिहलं."

कॉम्प्युटरही त्याच रजिस्टरावरून भरला जातो, हे प्रीतमइतकं कुणाला ठाऊक? भरणारा तोच होता. एकच वाक्य लागत होतं: भाऊसाहेब, खालचे नऊशे मी कापले आहेत. ते घशापर्यंत आलं. आणि तेवढ्यात त्याला तो हात दिसला, अजून पडद्याला वीत लावून असलेला. चहा घेऊन आलेली सुंदराबाईसुद्धा दारात थबकली होती. एवढ्या माणसांसमोर सांगायचं, की भाऊसाहेबांना ढीग ओळखता आला नाही? मागे एका मुनिमाने काट्याची बाजू घेतली होती. दुसऱ्या दिवशी मुनीम तर नव्हताच, त्याची खुर्चीही नव्हती.

"प्रीतमभाऊ," उद्धवराव त्याच्याकडे वळले, "तुमी आमच्या घरी जेवले. तुमीच सांगा ना. मी चोर आहो का?"

भाऊसाहेब वळले. "काहून रे प्रीतम, मशीन खोटं बोलते का?"

"मशीनमध्ये जे भरलं तेच दिसते, भाऊसाहेब."

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर ते इतकं सहज निघालं.

उद्धवरावांनी गोदामाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. रजिस्टर तेवढं काखेत मारलं. जिन्यावरून त्यांच्या चपला उतरत गेल्या, आणि त्या ऐकू येईनाशा होईपर्यंत प्रीतमने मान वर केली नाही.

वर केली तेव्हा चाव्या त्याच्यापुढे होत्या. "तुले चोरी दिसते," भाऊसाहेब म्हणाले. "उद्यापासून बाळापूर तूच पाह्य. अमरावतीचं पाहू मागाहून."

अमरावतीहून निघालं तर बाळापूर अकोल्याच्याही पलीकडे.

खोली रिकामी झाली तशी त्याने घाईने फाइल उघडली. नऊशेच्या जागी शून्य टाकलं की तिन्ही ढीग पुन्हा सारखे. बोट शून्यावर गेलं आणि तिथंच गारठलं. सारखे झाले तर भाऊसाहेब विचारतील, मंग सकाळी काय दाखवलं होतं? नाही झाले, तर ती एक वीत आता त्याची.

"काही बदलून राहिला का?" भाऊसाहेब दारात उभे होते.

"नाही... हे आपलं..."

"नको बदलू. मस्त दिसते. नाव तेवढं बदल."

त्याने नाव बदललं. बाळापूरच्या खांबाखालून उद्धवराव गेले, प्रीतम आला. भाऊसाहेब पुढे आले, सवयीने वीत लावून पाहिली आणि चुकचुकले.

"पुढच्या महिन्यात पाहू, तुया ढीग किती भरते ते."

ते निघून गेले. हिशेब झाला होता. उद्धवरावांचं गोदाम गेलं, प्रीतमची अमरावती गेली, भाऊसाहेबांचं काहीच गेलं नाही. पडद्यावर एक वीत ढीग उभा होता, त्याखाली त्याचं नाव. आणि त्याच्याही खाली, कुणाच्याच नजरेला न पडणारे, नऊशे कट्टे.