रुख्माचे बारा फोटो

ही २००१ सालची गोष्ट. इटियाडोह धरणावर फिरायला येणाऱ्यांचे फोटो आमचे हे वीस-पंचवीस वर्षं काढत होते, आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यांवरचे डाग मी मिटवत असे.

दर संक्रांतीला चुन्नीलाल बायकोला, रुख्माला, फोटोसाठी घेऊन यायचा. कधी तिचा ओठ फाटलेला, कधी डोळ्याखाली काळंनिळं. "हास ना वं, रडके," तोच दरडावायचा, आणि ती हसायची. दुसऱ्या दिवशी ती एकटी आमच्या दुकानात यायची. "बाई, एवढं मिटवून दे. फोटो माहेरी जाते, माय पायते तं रडते."

मी मिटवून द्यायची. अशी बारा वर्षं गेली.

त्या साली चुन्नीलालनं तिला कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठेचून मारलं आणि धरणाच्या पायऱ्यांवरून पडली म्हणून सांगितलं. कोर्टात त्याच्या वकिलानं तेच बारा फोटो मांडले. "पहा साहेब, बारा वर्षांत हिच्या तोंडावर एक ओरखडा तरी दिसते का?"

कोर्टातून घरी येऊन मी स्पिरिटच्या बोळ्यानं बाराही निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. ह्यांनी त्या निगेटिव्हवरून नवे फोटो धुतले आणि पुढच्या तारखेला आम्ही दोघंही साक्षीला उभे राहिलो.

चुन्नीलाल जन्मठेप भोगता भोगता तुरुंगातच मेला. हे मागच्या पोळ्याला गेले. धरणावर आता जो तो मोबाइलवर आपला फोटो काढतो.


निकालानंतर रुख्माच्या मायनं भिंतीवरचा नितळ चेहऱ्याचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला फाटक्या ओठाचा लावला.