पुढच्या चाकातली हवा

"दार उघडा! टायर कापायची हिंमत आहे, तर तोंड दाखवायचीही असू द्या!"

सकाळचे सहा वाजले होते आणि छापखान्यात कागद कापणारा कटिंगवाला तळमजल्यावरच्या निवृत्त कारकुनाचं दार बडवत होता. सोमवारी त्याच्या सायकलच्या पुढच्या चाकातली हवा गेली होती. मंगळवारी व्हॉल्व्हच गायब. आज बुधवारी टायरला बोटभर चीर, सरळसरळ ब्लेडची. सायकल जिन्याखाली असायची आणि त्या जागेवरून या दोघांचं वर्षभर वाजत होतं. तेव्हा गुन्हेगार शोधायला त्याला डोकं चालवावंच लागलं नाही.

कारकून बनियनवरच बाहेर आला. त्याने चष्मा लावून चाक नीट निरखलं.

"या खटाऱ्यावर मी ब्लेड वाया घालवू? मग दाढी कशाने करू?" तो म्हणाला. "मागच्या महिन्यात सपाट रस्त्यावर आडवे झालात, तेव्हा वाळूला शिव्या दिल्यात. आता माझा नंबर लागला वाटतं."

कटिंगवाल्याची बायको मध्ये पडली नसती तर तो चष्मा तिथेच फुटला असता. तिने नवऱ्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

"अहो, चला. यांनी नाही केलेलं."

"तू यांची वकिली करू नकोस!" तो तिच्यावरच खेकसला आणि सायकल ढकलत निघाला.

एकोणीस वर्षं तो याच रस्त्याने छापखान्यात जात होता. कुठे ट्रक कडेला दाबतो, कुठला गाडीवाला मागे न बघता दार उघडतो, कुठल्या चढासाठी आधीच वेग घ्यावा लागतो, सगळं पायांना पाठ होतं. सायकलवर बावीस मिनिटं, ढकलत नेली तर सव्वा तास. इतक्या सकाळी त्या रस्त्याला बसही नव्हती. शेजारून बाकीचे सायकलवाले घंटी वाजवत पुढे जात होते आणि प्रत्येक घंटी त्याच्या डोक्यात जात होती. म्हातारा सापडू दे एकदा, असं तो दर दहा पावलांना मोठ्याने म्हणत होता.

सातच्या पाळीला तो साडेसातला पोचला. फोरमनने हजेरीत तिसरा लाल शेरा मारला.

"नियम मी केलेला नाही," फोरमन म्हणाला. "चौथा शेरा पडला की मशीन दुसऱ्या कटिंगवाल्याकडे जाईल. तुम्ही बाइंडिंगला बसायचं, पानं दुमडायला."

पानं दुमडायला! आणि कोणी, तर त्याने. त्याने कापलेल्या पुस्तकांच्या कडांवरून हात फिरवायला मालक मुद्दाम पाहुण्यांना घेऊन यायचा. मशीन जुनी होती. पाय दाबला की पातं खाली. मध्ये कागद आहे की बोट, हे बघायचं काम तिचं नव्हतं, कटिंगवाल्याचं होतं. एवढ्या वर्षांत त्याच्या हाताला साधा ओरखडा नव्हता आणि याचा त्याला भारी तोरा होता. ती मशीन गेली तर आपल्याकडे उरलं काय, हा प्रश्न त्याला दिवसभर कुरतडत राहिला.

संध्याकाळी त्याने नवा टायर बसवून घेतला. सायकल खांद्यावर घेतली आणि तीन मजले वर चढवली. जाता जाता कारकुनाच्या दारासमोर मुद्दाम दोनदा घंटी वाजवली. सायकल पलंगाशेजारी भिंतीला टेकवली आणि दाराला आतून कडी घातली.

"आता काढून दाखव म्हणावं हवा," तो म्हणाला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

गुरुवारी सकाळी पुढच्या चाकातली हवा गेलेली होती. व्हॉल्व्ह नव्हता.

त्याने दाराकडे पाहिलं. कडी आतूनच होती. खिडकीला गज होते. घरात माणसं दोनच.

राग गर्रकन फिरला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मूठ उघडली. व्हॉल्व्ह तिच्या तळहातावर होता.

"तू?"

"मीच. चारही दिवस."

"मी त्या म्हाताऱ्याच्या नावाने खडे फोडतोय, आणि तू घरात बसून..."

"रविवारी तुमच्या हातातला कप कलला," ती म्हणाली. "सगळा चहा मांडीवर सांडला. डोळे उघडे होते आणि तुम्हाला पत्ता नव्हता. मी वीसपर्यंत आकडे मोजले, तेव्हा कुठे तुम्ही विचारलंत, पॅन्ट कशी भिजली? तुम्ही पडलात तिथेही मी जाऊन आले. तिथे वाळू नाही. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर ताट ढकललंत."

"झोप होत नाही म्हणून डुलकी लागते!" तो ओरडला. "डॉक्टर दोन ओळी खरडेल आणि माझी मशीन जाईल! कळतं का तुला?"

त्याने घड्याळ पाहिलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अजून वेळ होता.

"सायकलचीच भीती वाटते ना तुला? बरं. नाही जात सायकलने. पैसे गेले तरी चालतील, गाडी करतो, सातच्या ठोक्याला मशीनवर उभा राहतो, आणि मग संध्याकाळी तुझ्याकडे बघतो."

तो दाराकडे वळला. त्याच्या आधी ती तिथे पोचली आणि कडीला पाठ लावून उभी राहिली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तिचा आवाज कधी जिन्यापर्यंत गेला नव्हता. आज तो तळमजल्यावर कारकुनालाही ऐकू गेला.

"सायकलवरून पडलात तर हनुवटीला टाके पडतात, तेवढं मी निस्तरेन! अहो, मला तुम्ही वेळेवर पोचायची भीती वाटते!"