निळे दाणे

"नको."

वाटाण्याचं सूप होतं. घट्ट, चमचा उभा राहील असं. आईने वाटी परत सरकवली. काल बटाटा आणि पालेभाजी एकत्र घोटून केली होती, वर भाजलेलं सॉसेज. नको. परवा नुसतं ताक.

नको.

मार्लीसने सूप परत पातेल्यात ओतलं आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली, कोट चढवला. दाराशी म्हणाले, "या वयात कधी कधी शरीरच ठरवतं. आपण जबरदस्ती करत नाही."

"म्हणजे ती उपाशी मरेल आणि मी बघत बसू?"

"जवळ बसा," डॉक्टर म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

जवळ बसायला मार्लीसखेरीज होतंच कोण? ती एकुलती एक.

तिच्या मुलीला, फ्लूरला, मुलगी झाली त्या दिवसापासून हे सुरू झालं. पणतीची बातमी ऐकून आई हसली होती. संध्याकाळी म्हणाली, "टॉवेल आण. छातीला बांध."

"थंडी वाजतेय?"

"घट्ट बांध."

मग रोज संध्याकाळी टॉवेल. मग खाणं थांबलं. मग ती कान देऊन ऐकायला लागली. खिडकीबाहेर चर्चच्या दफनभूमीचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या अलीकडे गवताची एक पट्टी, पूर्वी बाप्तिस्म्याआधीच गेलेल्यांना पुरायची, जिथे एकही क्रूस नव्हता. आई तिकडे तोंड करून बसायची.

"रडतोय."

"कोण, आई?"

"बाहेर गारठा आहे."

बाहेर काहीच नव्हतं. गवत. गवतावर ओल.

दुपारी शेजारची बेपमावशी आली. आईच्याच वयाची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. उंबऱ्यातूनच सुरू झाली. "अभिनंदन, मार्लीस, नातीबद्दल! अभिनंदन, ट्रूस, पणतीबद्दल!" घरात आनंद झाला की घरातल्या एकूणएक माणसाचं अभिनंदन करायचं, कुणी सुटता कामा नये. बेपमावशीने खुर्चीखालच्या कुत्र्याशीही हात मिळवला. "तुझंही रे बाबा, मामा झालास. आणि माझा टोस्ट कुठाय?"

मार्लीसने फ्लूरकडून डबा आणला होता. लोणी लावलेला गोल टोस्ट आणि त्यावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेचे दाणे. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे. बाळ बघायला येईल त्याच्या हातात पहिल्यांदा हेच ठेवायचं. बाळंतिणीनेही खायचं, दूध उतरतं म्हणून.

"मावशी, स्वयंपाकघरात खाऊ या," मार्लीस हळूच म्हणाली. आईला बडीशेपेचा वास सहन होत नसे. लहानपणी बर्फावर स्केटिंग करून आल्यावर सगळी पोरं बडीशेपेचं गरम दूध प्यायची. मार्लीसला कोको. का, विचारलं की आईचं एकच उत्तर, या घरात नको.

"इथेच आण," आई म्हणाली.

दोघी थबकल्या.

"गुलाबी नको. निळे."

"आई, फ्लूरला मुलगी झालीय. निळे मुलाचे असतात."

"ठाऊक आहे मला. निळे आण. आणि खुर्च्या गोल मांड, पाहुणे यायचेत."

मार्लीसने बेपमावशीकडे पाहिलं. भ्रमिष्टपणाचीच ही खूण, असं काहीतरी ती म्हणेल, निदान एखादी कोपरखळी मारेल. पण बेपमावशीने कप खाली ठेवला. उठली. एकेक खुर्ची ओढून गोलात लावायला लागली.

"जा, मार्लीस," ती म्हणाली. "दुकान बंद व्हायच्या आत जा."

दुकानातली मुलगी निळा डबा पिशवीत घालताना हसली. "अभिनंदन! मुलगा?"

"हो," मार्लीस म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही.

परत आली तर पडदे सताड उघडे. बेपमावशीने आईचे केस विंचरले होते, गळ्याशी ब्रोच लावला होता. दूध आटवायला बांधतात तसा बांधलेला छातीचा टॉवेल सोडलेला. तो गुंडाळून आईने मांडीवर घेतला होता. एक हात त्याच्याखाली होता.

मार्लीसने टोस्टला लोणी लावलं. निळे दाणे पसरले. पहिली बशी पाहुणीची.

बेपमावशीने घास तोडला. त्या खोलीत तो फार मोठ्याने वाजला.

"अभिनंदन, ट्रूस," ती म्हणाली. "उशीर झाला गं मला यायला."

"तुला कुणी बोलावलंच नव्हतं," आई म्हणाली. "कुणालाच नव्हतं."

मग तिने आपल्या बशीतला टोस्ट उचलला. खाल्ला. सगळा. ओठावर एक निळा दाणा राहिला, तोही बोटाने आत घेतला.

"अजून एक."

मार्लीस लोण्याची सुरी धरून उभीच होती. आईची नजर गोलातल्या रिकाम्या खुर्च्यांवरून फिरत फिरत तिच्यापाशी आली. अभिनंदन करायचं राहून गेलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने पाहिलं, आणि टॉवेलखालचा हात न हलवता दुसरा हात पुढे केला.

"तुझंही अभिनंदन, मार्लीस," ती म्हणाली. "भावाबद्दल."