पुसलेलं वाक्य

वाक्य पुन्हा तिथंच होतं.

मास्तरांनी काल ते स्वतःच्या बोटानं पुसलं होतं. पुसून झाल्यावर फोनवरच्या निरोपाच्या चौकटीवर बोट टेकवून खात्रीही केली होती, आणि फोन म्हणाला होता, ‘रिकामी’. आज जेवणं उरकली, सून औषधांच्या दुकानात कामावर परत निघाली, दार लागल्याचा आवाज आला. मास्तरांनी फोन मांडीवर घेऊन तिच्या नावाची चौकट उघडली, आणि फोन खणखणीत आवाजात वाचू लागला : ‘गाडी तो नाही, मी चालवत होतो.’

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावानं स्टिअरिंग त्यांच्याच शिव्या खात धरलं. म्हणून तर अपघातानंतर कुणी काही विचारलंच नाही. मास्तर चालवत असते तर गाडी कठड्यावर गेलीच नसती, हे लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. बापलेक दोघेही बाहेर फेकले गेले होते. लेक जागीच गेला, मास्तरांचे डोळे गेले. पट्ट्यांखाली पडल्या पडल्या त्यांनी लोकांचं बोलणं ऐकलं आणि मूग गिळून बसले.

तेव्हापासून सुनेचा नवऱ्यावर राग. “स्वतः गेला तो गेला, बापाचे डोळेही घेऊन गेला,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. त्याचा फोटो तिनं खिळ्यासकट उपटून कपाटात पालथा टाकला होता. हल्ली मात्र ती त्याच्याबद्दल काहीच बोलत नसे. मास्तरांना हे जास्तच लागायचं. पण सांगायचं कोणत्या तोंडानं? तिच्याशिवाय त्यांना कुणी नव्हतं. खरं कळलं तर बॅग भरून ती माहेरी जाईल, आणि तिचं काय चुकलं?

फोनही तिनंच शिकवला होता. “आता मास्तर मी,” म्हणाली होती. अक्षरावर बोट ठेवलं की फोन ते बोलतो, बोट उचललं की ते उमटतं. आवाजाचं वरचं बटण दाबलं की कर्सर एक अक्षर पुढं, खालचं दाबलं की एक मागं. “म्हणजे हा रिव्हर्स!” मास्तर म्हणाले, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच त्या घरात दोघं हसली. पुसतानाही फोन गेलेलं अक्षर बोलून दाखवतो. कान जरा जड झाले होते, म्हणून मास्तर आवाज भरपूर मोठा ठेवायचे.

तोंडानं जमेना ते त्यांनी लिहायला घेतलं. रोज दुपारी ते वाक्य लिहायचं, पाठवायच्या बटणापर्यंत बोट न्यायचं, तिथं घाम फुटला की पुसून टाकायचं. आठ महिने हेच चाललं होतं.

सोमवारी पुसलेलं वाक्य मंगळवारी परत आलं. विसरलो असेन, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बुधवारी परत आलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आज गुरुवार. आणि आज वाक्याच्या पुढं आणखी काही होतं. मास्तरांनी बटण दाबत कर्सर पुढं नेला. फोन अक्षर अक्षर बोलत गेला, ते ऐकत त्यांनी शब्द जुळवले.

‘तो म्हणाला, बाबा, हळू.’

वळणाच्या तोंडाशी झालेलं हे बोलणं. गाडीत दोघंच होते. एक राहिला नाही, आणि दुसऱ्यानं ते जिवंत माणसाजवळ कधी उच्चारलं नव्हतं.

“आलास?” त्यांनी खोलीला विचारलं.

पंखा तेवढा फिरत होता.

“छळ रे राजा, छळ. तुझा हक्कच आहे.”

सवयीनं त्यांचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. “ऊ,” फोन म्हणाला. “ळ.” आणि मास्तरांना पुढं पुसवेना. लेकाचा शेवटचा शब्द होता तो. तेव्हा ऐकला नव्हता. आता आपल्याच हातानं पुसायचा? त्यांनी चाचपडत ळ शोधला, ऊकार शोधला, शब्द होता तसा केला. मग बोट पाठवायच्या बटणावर नेलं आणि दोनदा टेकवलं.

“पाठवला,” फोन म्हणाला.

टिंग झालं. दुकानात व्हायला हवं होतं ते दोन पावलांवर, दाराशी झालं.

“कोण?” मास्तर ओरडलेच.

“मीच आहे. आज दार नुसतं ओढून घेतलं, गेलेच नाही.” सुनेचा आवाज घोगरा झाला होता. “पुसताना फोन एकेक अक्षर मोठ्यानं बोलतो, बाबा. पहिल्याच दिवशी तुम्ही हे वाक्य आणि पुढं ‘बाबा, हळू’ही लिहून पुसलंत, तेव्हा मी विसरलेली दुकानाची किल्ली न्यायला परत आले होते. आठ महिने दात-ओठ खात वाट बघितली. मंगळवारपासून तुम्ही आंघोळीला गेलात की मीच परत लिहून ठेवत होते. पण पाठवायला तुम्हीच हवे होतात.”

पलीकडं कपाटाचं दार करकरलं.

“मग... जाणार तू?”

“ते नंतर बघू. माफीचंही नंतरच,” ती नाक ओढत म्हणाली. “आधी हातोडी कुठं ठेवलीय ते सांगा.”