कललेला शिक्का

एम.ए.च्या प्रवेशाचा अर्ज पोस्टात टाकून घरी आल्यावर हिनाकोला आठवलं, की पहिल्या पानावर सहीच्या जागी मारलेला तिच्या नावाचा शिक्का चांगलाच कलला होता. तेव्हापासून तिनं आईचं डोकं खाल्लं.

“अगं, एवढी काळजी मी नवरा निवडताना केली नव्हती!” मिसो सूप वाढताना आई म्हणायची.

मुलाखतीत म्हातारे कुराता सर नेमके त्या शिक्क्याकडेच बघत बसले.

“वा! शेजारी तुझ्या कॉलेजच्या सरांचा शिक्का, आणि तुझा शिक्का वाकून त्यांना नमस्कार करतोय. ही जुनी रीत हल्लीच्या पोरांना कुठं ठाऊक असते?”

हिनाको घरी आली ती नाचतच.

“मिटली ना काळजी? आता जेव पोटभर,” आई म्हणाली.

पहिलाच घास तोंडाशी नेताना हिनाकोचा हात थांबला.

 

“आई, दुसऱ्या पानावर माझ्या शिक्क्याशेजारी मार्गदर्शक म्हणून खुद्द कुराता सर शिक्का मारणार आहेत. आणि तिथला माझा शिक्का त्यांच्याकडे पाठ करून कललाय गं!”